सरनोबतांची वैरण

लग्नाला गेलं की सर मांडवात कधी सापडायचे नाहीत. अक्षता पडायच्या आत ते मांडवामागच्या चुलवणापाशी पोचलेले असत. बाह्या वर सारलेल्या, चष्मा वाफेने पांढरा झालेला, आणि आचाऱ्याची उलटतपासणी चाललेली. जळण कुठून आणलं? पाण्याचा टँकर उशिरा आला तर काय करता? पहिली पंगत उठायच्या आत दुसरीचा भात शिजला नाही तर लोकांना कसं थोपवता? आचारी आधी वैतागायचा, मग खुलायचा आणि शेवटी सरांना पोत्यावर बसवून गरम बुंदीची वाटी हातात द्यायचा. माझ्या भावाच्या लग्नात, आमच्या कळंबला, आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "ते तुझं सर हायत का आचाऱ्याचं पावणं?"

सर बारामतीला आमच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. पण नुसतं समाजशास्त्र म्हटलं की त्यांना राग यायचा. सत्ता आणि युद्ध हा त्यांचा विषय. माणसं कुणा एकाचं का ऐकतात, आणि त्याच्या शब्दावर मरायला का जातात, एवढ्या दोन प्रश्नांना त्यांनी उभी हयात दिली होती. मोगलांच्या, पेशव्यांच्या छावण्या त्यांना तोंडपाठ. तलवारी आणि तोफांत मात्र त्यांना काडीचा रस नव्हता. "लढाई कोण जिंकलं ते कुणीही सांगेल," ते वर्गात म्हणायचे, "आदल्या दिवशी जनावरांनी काय खाल्लं ते सांगा." वर्गातली पोरं शेतकऱ्यांची, त्यांना हा इतिहास फार आवडायचा. त्यांनीच सरांचं नाव सरनोबत ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून ते त्यावर खूश होते, असा माझा संशय आहे.

त्यांचा सिद्धांत अगदी साधा होता. सत्ता म्हणजे वैरण. बैलाला कडबा, शिपायाला भाकरी, कारकुनाला पगार, पुढाऱ्याच्या माणसाला जीपमध्ये जागा. वैरण आहे तोवर फौज आहे. वैरण संपली की फौज विरघळते आणि कालचा सेनापती आज रस्त्याने एकटा चालत जातो. हे शेवटचं वाक्य ते नेहमी खिडकीबाहेर बघत म्हणायचे, जणू तो सेनापती आमच्या कॉलेजच्या मैदानावरूनच चालला आहे.

मी भूगोलाची. नव्वदीच्या सुरुवातीला नोकरीला लागले, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मला माझं गाव, माझं आडनाव आणि माझ्या वडलांची नोकरी विचारून घेतली. आडनाव दोनदा विचारणारेही होते. सर एकटे माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुम्ही कळंबच्या ना? मग नीरेच्या काठाने दहा हजार घोडी नेली तर पाणी पुरेल का?"

मी म्हटलं, "कुठल्या महिन्यात, सर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आजवर या प्रश्नाची वाट बघतच ते जगत होते. "साडेपाचला घरी चहाला या," म्हणाले. मी गेले आणि मग जातच राहिले.

सरांच्या घराला रस्त्याच्या बाजूने एक ओटा होता. रोज साडेपाचला त्यावर माणसं जमायची. आजीमाजी विद्यार्थी, मी, कॉलेजचे शिपाई रामभाऊ, कधी एखादा ट्रॅक्टरवाला, ज्याला सरांनी रस्त्यात थांबवून काहीतरी विचारलेलं असायचं. काकू सगळ्यांना चहा द्यायच्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि घरात खरी सत्ता कुणाची, याबद्दल आम्हा कुणाच्या मनात शंका नव्हती. "आयुष्यभर लढाया शिकवल्या ह्यांनी," त्या म्हणायच्या, "पण दुधात पाणी का घातलंस, हे गवळ्याला विचारायचं झालं की मलाच पुढे करतात." सर यावर मान डोलवून म्हणायचे, "सेनापतीने आघाडीवर जायचं नसतं."

त्यांची बघायची रीतच वेगळी होती. निवडणुकीच्या दिवसांत सगळं गाव सभेला जायचं. सर सभा संपल्यावर जायचे आणि सतरंज्या कोण गोळा करतंय ते बघायचे. स्टाफरूममध्ये ते चहाच्या वेळी गप्प बसत, रामभाऊ पहिला कप कुणाला देतात त्यावर डोळा ठेवून. एकदा रामभाऊंनी पहिला कप ठरलेल्या माणसाला न देता कोपऱ्यातल्या एका अबोल गृहस्थांपुढे ठेवला. सर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "नवे प्राचार्य." महिन्याभरात तेच झाले. रामभाऊंना मी नंतर विचारलं, तर त्यांनाही सांगता येईना. "मला काय म्हाईत बाई? हातच तिकडं ग्येला," म्हणाले.

पुण्यात त्यांचे एक गुरू होते. सर शिकून बारामतीला परत निघाले, तेव्हा गुरूंनी बजावलं होतं की तालुक्याच्या गावात जाऊन सत्तेचा अभ्यास करणं म्हणजे विहिरीत बसून समुद्र मोजणं. सरांनी त्यांना सांगितलं, "पुण्यात सत्ता भिंतीआड असते, सर. आमच्याकडं ती ओट्यावर पान खात बसते. नुसतं समोर जाऊन बसायचं." आणि ते खरोखरच येऊन बसले. मोठ्या जागा चालून आल्या, त्यांनी घेतल्या नाहीत. परदेशच्या एका नियतकालिकात त्यांचा लेख आला, तो वाचून एक गोरा प्राध्यापक बारामतीला त्यांना शोधत आला. सरांनी त्याला आधी पणदऱ्याच्या एका लग्नात चुलवणापाशी नेऊन बसवलं आणि मग घरी आणलं. जाताना त्याचे डोळे धुराने लाल झाले होते. काकूंच्या मते तो रडत होता.

आमच्या वस्तीवर चौदा एप्रिलला जेवण असतं. एका वर्षी सर आले. नेहमीप्रमाणे चुलीकडे गेले, मग पंगतीच्या कडेने फिरले, मग पुन्हा फिरले. मी विचारलं काय बघताय. म्हणाले, "इथं वाढणारे कोण आणि बसणारे कोण, तेच कळेना. आत्ता वाढत होता तो मुलगा जेवायला बसला आणि जेवत होते ते तुमचे मामा बादली घेऊन उठले. माझ्या पुस्तकात हे कुठं बसवू?" मग चपला काढून माझ्या वडलांशेजारी मांडी घालून बसले आणि पोटभर जेवले. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि माझ्या माणसांचाही.

पुस्तक म्हणजे त्यांचं ते मोठं पुस्तक. किती वर्षं चाललं होतं ते काकूच जाणोत. समोरची खोली त्याने अडवली होती आणि पाहुणे आले की स्वयंपाकघरात झोपायचे.

सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. एके दिवशी स्टाफरूममध्ये माझ्या लक्षात आलं की रामभाऊंचा चहा आता सरांकडे शेवटी येतो. त्यावर साय धरलेली असते. माझ्या लक्षात आलं म्हणजे सरांच्या केव्हाच आलं असणार. त्यांनी तो गार चहा पिता पिता मला हळूच सांगितलं, "बघितलंत? सिद्धांत बरोबर आहे. वैरण संपत आली." अभ्यासक म्हणून त्यांना खरोखर आनंद झाला होता. पण कप खाली ठेवताना त्यांचा हात जरा रेंगाळला, तेही मी पाहिलं आणि मला वाईट वाटलं.

संध्याकाळी ओट्यावर काकूंनी विषय काढला. "ह्यांनी जाहीर केलंय, रिटायर झाल्यावर हितं कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. कपबश्या माळ्यावर टाक म्हणतात."

"दोन ठेव म्हटलंय," सर म्हणाले. "तुझा आणि माझा."

आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. माणूस सत्तेत असताना त्याच्याभोवती कोण असतं आणि सत्ता गेल्यावर कोण उरतं, हे त्यांनी शेकडो माणसांच्या बाबतीत तपासलं होतं. आता पाळी त्यांची होती आणि त्यांना आतून भीती वाटत होती. ओटा रिकामा पडणार याची. एवढा मोठा विद्वान, पण भीती मात्र अशी घरगुती.

त्याच मे महिन्यात त्यांनी मोहीम काढली. पुस्तकाचं पाचवं प्रकरण वैरणीवर होतं. कडबा वाहणारा बैल वाटेत तोच कडबा खातो, मग फौज किती दूर जाऊ शकते, हा प्रश्न. सरांचं गणित कागदावर सुटलं होतं, पण त्यांना ते रस्त्यावर बघायचं होतं. म्हणून बारामती ते इंदापूर बैलगाडीने जायचं ठरलं. गाडी सणसरच्या हसनभाईंची. हसनभाई हंगामात कारखान्याला ऊस वाहायचे. एरवी बैल मोकळे असायचे. गाडीत कडब्याच्या पेंढ्या भरल्या, त्यावर मी नकाशा घेऊन बसले, माझ्याशेजारी काकू दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन. "आपण दोघी बुणगे," काकू म्हणाल्या. पानिपतावर फौजेबरोबर गेलेली ती बिनलढाऊ माणसं. सर पुढे हसनभाईंजवळ, डोक्याला पंचा गुंडाळून.

पहाटे निघालो. बैल छान चालत होते. एकाचं नाव चिमण्या, दुसऱ्याचं बाज्या. ऊन चढलं तसं हसनभाईंना डुलकी लागली. सरांचं आणि माझं नकाशावरून भांडण जुंपलं होतं, कारण त्यांच्या मते जुनी वाट ओढ्याच्या अलीकडून जात होती आणि माझ्या मते पलीकडून. भांडण ऐन रंगात असताना गाडी थांबली. वर पाहिलं तर समोर साखर कारखान्याचं फाटक. बंद.

सणसरच्या अलीकडे कारखान्याकडे एक फाटा जातो. बैल तिथे आपले आपण वळले होते आणि हंगामात गाड्यांची रांग लागते तिथे येऊन शहाण्यासारखे उभे राहिले होते. रांगेत दुसरं कुणीच नव्हतं. धुराडं थंड, अंगण झाडून काढल्यासारखं मोकळं, उसाचं पाचटसुद्धा कुठे दिसेना.

"तू जागी होतीस ना?" सरांनी काकूंना विचारलं.

"होते की. मला वाटलं हाही प्रयोगाचाच भाग आहे."

फाटकातून पहारेकरी आला. त्याने बैल बघितले, कडबा बघितला, पंचा गुंडाळलेले सर बघितले आणि कडब्यावरच्या आम्हा दोघींनाही बघितलं. "हंगाम कवाच संपला," तो म्हणाला. "काय आणलंय ह्यात?"

"फौज," काकू म्हणाल्या.

हसनभाई जागे झाले आणि ओशाळून बैलांना शिव्या देऊ लागले. सरांनी त्यांना थांबवलं. त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली होती. त्यांनी गाडीतून एक पेंढी उपसली आणि बैलांच्या तोंडापुढे धरली. बैलांनी एकेक घास घेतला. मग सर ती पेंढी घेऊन इंदापूरच्या दिशेने उलटे चालू लागले, हातवारे करत, "ये, चिमण्या, ये." बैल घास चघळत त्यांच्याकडे बघत राहिले, पाऊल मात्र उचलेनात. सर उलटे चालता चालता पहारेकऱ्याच्या बाजेवर धडकले आणि पेंढीसकट तिच्यावर बसले.

"अवो सर, काटा झाल्याबिगार न्हाय हलायची ती," हसनभाई कळवळून म्हणाले. "वजन करायचं, मंग घरी जायाचं. सवय हाय त्येंला."

पहारेकरी भला माणूस होता. त्याने फाटक उघडलं. आम्ही खाली उतरलो. गाडी डुलत डुलत आत गेली, वजनकाट्याच्या फळ्यांवर क्षणभर थांबली, पलीकडच्या दाराने बाहेर पडली आणि मग बैल असे झपाझप निघाले की आम्हाला धावत जाऊन गाडी गाठावी लागली. ते गेले ते थेट सणसरला, हसनभाईंच्या दारात. आमची फौज इंदापूरला कधी पोचलीच नाही. हसनभाईंच्या घरच्यांनी आम्हाला पिठलं-भाकरी वाढली आणि सगळी हकिकत पुन्हा पुन्हा सांगायला लावून पोट धरधरून हसले.

संध्याकाळी एसटीने परत निघालो. बारामती जवळ आली तेव्हा सर म्हणाले, "कडबा पाठीशी होता. पुढं बंद फाटक. तरी तिथं जाऊन उभे राहिले. पाचवं प्रकरण फाडावं लागणार."

"फाडू नका," काकू म्हणाल्या. "मागची बाजू कोरी आहे."

मी म्हटलं, "सर, म्हणजे सगळंच काही वैरणीवर चालत नाही."

"बैलांचं मान्य," सर म्हणाले. "बैल साधा असतो. माणूस हिशोबी आहे, बाई. माणूस बंद कारखान्यापुढं उभा राहत नाही."

पावसाळ्यात ते निवृत्त झाले. हार, नारळ, शाल आणि भाषणं. प्राचार्यांनी त्यांच्या विषयाचं नाव चुकीचं सांगितलं. सरांनी उत्तरादाखल दोनच वाक्यं बोलून सगळ्यांना लवकर घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं होतं की आज जायचं नाही. थकले असतील, दोघांना निवांत राहू द्यावं. कॉलेज सुटल्यावर लूनाला किक मारली आणि भाजी घेऊन घरी जायला निघाले. मंडईतून गवार घ्यायची, एवढंच डोक्यात होतं. लूना थांबली तेव्हा मी सरांच्या ओट्यासमोर होते. मंडई कधी मागे पडली, तेही मला सांगता आलं नसतं.

ओट्यावर रामभाऊ बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. मला बघून लाजले. "घरलाच निघालो हुतो, बाई," म्हणाले. पायरीवर दोन जुने विद्यार्थी. थोड्या वेळाने गंजक्या सायकलवरून आणखी एक आला. दार बंद होतं. कुणी कडी वाजवली नव्हती. आम्ही आपले नेहमीच्या जागा धरून बसलो होतो.

दार उघडलं आणि सर बाहेर आले. आम्हाला बघून उंबऱ्यातच थबकले. "काय काम काढलंत?" त्यांनी विचारलं. आवाज मुद्दाम कोरडा होता.

रामभाऊ म्हणाले, "काम काय न्हाय."

"माझ्याकडं आता काही नाही हं. मार्क नाहीत, शिफारस नाही, ओळख नाही. कुणाला काही हवं असेल तर चुकीच्या दारात आलात."

"आमी कुठं काय मागतुय?" रामभाऊ म्हणाले. "च्या तेवढा द्या."

सरांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला, कारण चहा म्हणजे त्यांच्या हिशेबात वैरणच. तेवढ्यात काकू दारात आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "दूध नासलंय. आज चहा मिळायचा नाही कुणाला. माफ करा."

सर झटकन आमच्याकडे वळले. ते काय बघत होते ते मला कळलं. त्यांना बघायचं होतं, पहिलं कोण उठतंय.

रामभाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग." आणि पाय पसरून भिंतीला टेकले. सायकलवाल्याने विचारलं, "सर, त्या बैलांचं काय झालं हो? मी त्या दिवशी नव्हतो." कुणीतरी ती गोष्ट सांगायला सुरुवात केली, पण चुकीची सांगितली, म्हणून सरांनी दुरुस्त केली आणि मग तेच ओट्यावर उतरून सगळी हकिकत सांगत बसले. पेंढी धरून उलटं चालून दाखवलं. हसता हसता आमच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढून पुसला. "धूळ फार झाली आहे," म्हणाले. पावसाळ्याचे दिवस होते.

दिवेलागण झाली तेव्हा एकेक जण उठला. "उद्या येतो, सर," प्रत्येक जण म्हणत होता. मला तहान लागली होती म्हणून मी आत गेले. स्वयंपाकघरात ओट्यावर सगळ्या कपबश्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. शेगडीवर दुधाचं पातेलं होतं, काठोकाठ भरलेलं, वर चांगली जाड साय. मी वास घेऊन पाहिला. दूध ताजं होतं.

काकू मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"त्यांना सांगू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "जन्मभर प्रयोग त्यांनी केले. एक माझाही होऊ दे."